कोणत्या गावचे, कोणाकडचे?

आमच्या गटात शेवटपर्यंत एकही चोर सापडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे जे केलं ते सगळं चोर पकडण्यासाठी केलं, आणि वाचणाऱ्यानं उगाच आशा लावून बसू नये.

गट परसबागवाल्यांचा होता, इंटरनेटवरचा. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. जालन्यात तेव्हा कॉम्प्युटर असलेलं घर म्हणजे शेजाऱ्यांच्या पोरांचे निकाल बघून द्यायचं ठिकाण. आमचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत क्रोशाच्या रुमालाखाली असायचा. रुमाल बायकोनं विणलेला, आणि मी कॉम्प्युटरला बसलो की ती आधी येऊन रुमाल सुरक्षित जागी हलवायची. कॉम्प्युटरचं काय व्हायचं ते होवो.

गटात सत्तर-पंच्याहत्तर माणसं. कोणी पुण्याच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात वांगी लावायचं, कोणी नागपुरात गच्चीवर दोडके चढवायचं, एकजण आखातात नोकरीला होता, तो खिडकीच्या कट्ट्यावर मेथी उगवून तिचे फोटो पाठवायचा. वेड सगळ्यांचं एकच, जुनं गावरान बी. ज्याच्याकडं जे असेल ते कागदाच्या पुडीत बांधायचं, पोस्टानं पाठवायचं, आणि पुढच्यानं ते लावून काय झालं ते सगळ्यांना मेलनं कळवायचं. मेला मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. वाचून होईस्तोवर चहा गार व्हायचा.

ज्या गृहस्थांनी गट सुरू केला ते मुलाकडं परदेशी राहायला गेले आणि जाताना गट माझ्या हवाली करून गेले. माझ्यात काय पाहिलं, तर काही नाही. त्यांनी तिघांना विचारलं होतं, उत्तर मी एकट्यानं दिलं. झालो मॉडरेटर. घरी सांगितलं तर बायकोनं विचारलं, म्हणजे करायचं काय असतं? मी सांगितलं, नवीन माणूस आला की त्याला आत घ्यायचं, कोणी वाकडं बोललं तर समजावायचं, सगळे एकमेकांशी गोडीनं राहतील असं बघायचं. 

"तुम्ही?" म्हणाली, आणि भाकरी टाकायला निघून गेली.

तिचं चुकीचं नव्हतं. मी मुळात संशयी माणूस. दूधवाल्यानं आपणहून मापावर थोडं जास्त घातलं की मला वाटतं, हे कालचं असणार. दारावर कोणी पत्ता विचारला तर मी बराबर सांगतो, आणि तो खरंच त्या बाजूला वळला का, ते गच्चीवर जाऊन बघतो. अशा माणसाच्या हातात दार दिलं की दाराचं काय होतं, ते पुढं येईलच.

त्यात एक भानगड होती जी गटात कोणाला ठाऊक नव्हती. मी एमआयडीसीत नोकरीला होतो, आणि ती नोकरी बियाण्याच्या कंपनीत होती. गटातली मंडळी कंपन्यांवर जाम राग धरून. त्यांना ती 'पाकीटवाले' म्हणायची. पाकीटवाल्यांनी जुने वाण बुडवले, पाकीटवाल्यांचं बी दुसऱ्या वर्षी धरता येत नाही, असं सारखं चालायचं. आणि मी दिवसभर त्याच पाकिटांवर लॉट नंबर छापणाऱ्या मशीनशेजारी बसून असायचो. सुपरवायझर. गटात येताना माझ्याबद्दलच्या माहितीत मी 'खाजगी नोकरी' एवढंच लिहिलं होतं. पाकीटवाल्यांना शिव्या पडायला लागल्या की अधूनमधून मीही 'अगदी खरं आहे' असं लिहायचो. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, डब्याखाली कंपनीचं चित्र असलेला कागद अंथरून.

संशयाची सुरुवात मात्र माझ्यापासून झाली नाही, राजूरच्या काकांपासून झाली. हे गटातले सगळ्यात जुने सभासद. शेती खात्यातून निवृत्त झालेले, राजूरला देवळाच्या वाटेवर नारळ-अगरबत्तीचं दुकान, आणि दुकानापेक्षा जास्त लक्ष मागच्या दोन एकरांवर. त्यांच्याकडं नसेल असं बी नव्हतं. आठवड्यातून एकदा भोकरदनला कॅफेत जाऊन मेला वाचायचे आणि उत्तर मला फोनवर द्यायचे. एका चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, दुकानातली गर्दी ओसरल्यावर, त्यांचा फोन आला. कुठल्यातरी दुसऱ्या गटात म्हणे एक माणूस हौशी म्हणून शिरला, वर्षभर सगळ्यांकडून पुड्या मागवल्या, आणि आता तेच वांगं रंगीत पाकिटात बाजारात आलंय. कुठल्या गटात, कोणतं वांगं, हे काकांना माहीत नव्हतं. त्यांना त्यांच्या साडूनं सांगितलं होतं आणि साडूला आणखी कोणी.

"आरं, आपल्यात बी शिरला असंल एखादा," काका म्हणाले. "अन् तू काय करून राह्यलास? दार सताड उघडं टाकून बसलास."

'आपल्यात शिरला असंल' हे ऐकताना माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शिरलेला एकजण तर फोनवरच होता. पण माणसाचं मन कसं चालतं बघा. मला मी आठवलो नाही. मला वाटलं, दुसरा कोणीतरी असणार, त्याला शोधलं पाहिजे, आणि आपल्याइतकं हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

मग मी फॉर्म तयार केला. सात प्रश्नांचा. तो करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, कारण कल्पना माझ्या वडलांची होती. आमचं गाव घनसावंगी तालुक्यात. मी शाळकरी होतो तेव्हा, म्हणजे ऐंशी सालानंतर लगेचच, वडील, म्हणजे आमचे अण्णा, शेतातून आले की ओट्यावर बसायचे. रस्त्यानं कोणी अनोळखी चाललेलं दिसलं की त्यांची हाक जायची, राम राम पाव्हणं, कोणत्या गावचे, कोणाकडचे? माणूस थांबायचा, सांगायचा. सांगता सांगता निघायचं की तो आमच्या आत्याच्या नणंदेच्या दिराचा मेव्हणा आहे. मग तांब्याभर पाणी, गुळाचा खडा, कधी चहा. ओळख नसलेला माणूस पाच मिनिटांत पाहुणा होऊन जायचा. ही आठवण मी आजवर किती जणांना सांगितली असेल, मोजदाद नाही. कंपनीत निरोपाच्या भाषणातसुद्धा सांगितलीय.

तर तोच ओटा मी इंटरनेटवर बांधायचं ठरवलं. वर लिहिलं 'आपले सहर्ष स्वागत आहे'. खाली प्रश्न. काय लावता, बी कोणाकडून मिळवता, हे पहिले दोन. तिसरा, पूर्ण नाव आडनावासह. चौथा, मूळ गाव कोणतं आणि तिथं कोणाकडचे. मग गटातलं कोण ओळखतं, बी कशासाठी पाहिजे, आणि सातवा, नोकरी किंवा धंदा. पुण्याच्या एक बाई गटात होत्या, बँकेतून निवृत्त, त्यांनी लगेच लिहिलं की स्वागत वाचून बरं वाटलं, पण पुढचं वाचून पासपोर्टच्या ऑफिसात बसल्यासारखं झालं. मी त्यांना हसरं तोंड पाठवलं आणि प्रश्न तसेच ठेवले.

पुढच्या तीन महिन्यांत गटाकडं दोनच अर्ज आले. त्यातल्या एकानं पाचव्या प्रश्नाला 'कोणीही ओळखत नाही' असं लिहिलं होतं, म्हणून त्याला मी घेतलं नाही. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला कसं घ्यायचं?

अशात एक नवीन अर्ज आला. मेल पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी 'वाळूक'.

वाळूक म्हणजे काकडीची रानातली बहीण. मराठवाड्यात तुरीच्या, ज्वारीच्या पाट्यांत, म्हणजे मुख्य पिकात मधूनमधून पेरलेल्या ओळींत, चार बिया टाकून द्यायच्या, बाकी काही करायचं नाही. भादव्यात वेल पसरतो, आश्विनात जाडजूड, पट्ट्यापट्ट्यांचं फळ धरतं. एखादं कडू निघतं, ते नशीब. गोड निघालं तर मीठ लावायलासुद्धा थांबवत नाही. पाटं गेली तशी वाळकंही गेली.

अर्ज करणारी बाई होती, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सातव्या प्रश्नाला तसं लिहिलं होतं. बी कशासाठी पाहिजे, याला लिहिलं होतं की आई खुरपायला जायची तेव्हा येताना ओच्यात वाळकं घेऊन यायची, एक वाण असा होता की त्यात कडू निघायचंच नाही, तो परत लावून बघायचाय. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नापुढं नुसती रेघ मारलेली.

मी ते वाचलं आणि मनात काय आलं, तेही सांगून टाकतो. मनात आलं, कंपनीनं लिहायला चांगला माणूस ठेवलेला दिसतोय.

तरी मी दार लावलं नाही, अर्धं उघडं ठेवलं. त्यांना सभासद केलं, पण त्यांची प्रत्येक मेल आधी माझ्याकडं येईल आणि मी जाऊ दिली तरच सगळ्यांना दिसेल अशी व्यवस्था केली. ती सोय कॉम्प्युटरमध्ये होतीच. त्यांना हे कळवलं नाही. आणि परीक्षा म्हणून विचारलं, वाळकाचं बी तुमच्याकडं कसं साठवायचे? नुसत्या पुस्तकी माणसाला हे सांगता येत नाही. त्यांचं उत्तर संध्याकाळपर्यंत हजर. बी राखेत घोळायचं, शेणाच्या लहानशा गोवरीत दाबायचं, गोवरी भिंतीला थापून ठेवायची, पेरायच्या वेळी फोडायची. उंदीरही लागत नाही, कीडही नाही.

उत्तर बिलकुल बरोबर होतं. त्यामुळं माझा संशय दुप्पट झाला. इतकं बरोबर उत्तर कोणी पढवल्याशिवाय येतं का?

गटातल्या लोकांना मात्र त्या आवडायला लागल्या. पुण्याच्या बाईंच्या दोडक्याला फळमाशी लागली होती, त्यावर यांनी कागदाच्या पिशव्या बांधायला सांगितल्या आणि दोडके वाचले. आखातातल्या माणसाला मेथी पिवळी का पडते ते समजावलं. हे सगळं माझ्या हाताखालून जात होतं. काही मेला मी त्याच दिवशी सोडायचो, काही दोन दिवसांनी, आणि ज्यात त्या काही विचारत असतील त्या तर चार-चार दिवस धरून ठेवायचो. वाळूक कोणी लावलंय का, कोणत्या भागात लावलंय, किती दिवसांत फळ धरतं, असं त्या विचारायच्या. मी त्यात तालुक्यांचा नकाशा बघायचो. एखादा पोलीस पाटील बघणार नाही इतका.

काकांना फोन केला. म्हटलं, बाई आडनाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत. बाकी सगळं बराबर सांगतात.

"न्हाई सांगत म्हंजे समज की," काका म्हणाले. "वाळकाचं बी हाये माझ्याकडं, कडू न निघणारंच हाये. पन कोणाकडची हाये ते कळल्याबगर पुडी सुटायची न्हाई. अन् एक सांगू का तुला? आडनाव झाकणाराचं आडनाव मला बराबर कळतं."

मी हसलो. फोनवर हसलो, म्हणजे हसल्याचा आवाज काढला. का हसलो ते मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं, आणि ते आठवू नये म्हणून मी ताबडतोब कंपनीच्या संशयाकडं परत गेलो. कंपनीचा संशय कसा स्वच्छ असतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिलं. आमच्या ऑफिसात माल परत आला की जसं पत्र जातं तसं. आपण प्रश्न क्रमांक तीन व चार यांची उत्तरे दिलेली नाहीत. गटातील आपुलकीचे वातावरण टिकून राहावे यासाठी सदर माहिती आवश्यक आहे. सात दिवसांत न मिळाल्यास आपले सभासदत्व रद्द समजावे.

आपुलकीचं वातावरण. हेच शब्द लिहिले होते, अजून आठवतात.

सहा दिवस काही आलं नाही. सातव्या दिवशी रविवार होता. सकाळी मी रुमाल उचलला तर मेल येऊन बसलेली. माझ्या नावानं सुरू होणारी, पण पाठवलेली सगळ्या गटाला. म्हणजे ती माझ्या हाताखालून जायची होती. खाली दोन बटणं, जाऊ द्या आणि काढून टाका.

त्यात लिहिलं होतं:

"तीन आणि चार हे प्रश्न मला पहिल्यांदा विचारले तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. आईबरोबर खुरपायला गेले होते. तहान लागली म्हणून रस्त्याकडच्या एका घरी पाणी मागितलं. ओट्यावरच्या माणसानं प्रेमानं विचारलं, कोणत्या गावची, कोणाची? मी खरं सांगितलं. पाणी मिळालं. तांब्या नाही मिळाला, ओंजळ धरायला सांगितली. तेव्हापासून हे दोन प्रश्न कोणी एकापाठोपाठ विचारले की मी गप्प राहते. मला वाळकाचं बी पाहिजे, बाकी काही नको. तुम्ही सगळ्यांना सात प्रश्न विचारता. तुमची सात उत्तरं मी गटावर शोधली. सापडली नाहीत."

बायको मेथी निवडत पुढच्या खोलीत आली, रुमाल कुठं ठेवलाय ते बघायला. माझं तोंड बघून तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, एका बाईनं गैरसमज करून घेतलाय. ती खुर्चीमागं उभी राहिली आणि इंग्रजी अक्षरांतलं ते मराठी एकेक शब्द लावत वाचून काढलं. वाचताना ओठ हलत होते. ओंजळीपाशी थांबले.

मी म्हणालो, आमच्याकडं असं नव्हतं. अण्णा सगळ्यांना पाणी द्यायचे.

"द्यायचे की," ती म्हणाली. "दोन तांबे होते ना तुमच्या ओट्यावर. लग्न होऊन आले तर सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात तेच शिकवलं मला. कोणता कोणाला द्यायचा, अन् कोणाला वरूनच ओतायचं."

दुसरा तांब्या. जर्मन धातूचा, कडेला पोचा आलेला, ओट्याच्या खाली कोनाड्यात ठेवलेला. मी तो हजार वेळा बघितला होता. कोनाड्यातून काढून पाणी आणून दिलंय मी त्यानं, स्वतःच्या हातानं. आणि ओट्याची गोष्ट सांगताना तो प्रत्येक वेळी माझ्या हातून कसा गळायचा, ते मला अजून सांगता येत नाही. गुळाचा खडा कधी गळला नाही.

मी म्हणालो, ते जुन्या काळचं झालं, अण्णांच्या वेळचं.

"अन् हा फॉर्म कोणाच्या वेळचा हाये?" तिनं विचारलं. मग मेथीच्या काड्या पदरातून झटकत म्हणाली, "तुम्ही भरला का तो? सातव्याला काय लिहिलं?"

'काढून टाका' दाबलं असतं तर मेल पुसली गेली असती, कोणाला पत्ताही लागला नसता. बाई आपोआप बाहेर, फॉर्म शाबूत, काका खूश, माझी खाजगी नोकरी खाजगी. दुसरं बटण दाबलं तर त्या बाईंचा प्रश्न सगळ्यांसमोर येणार, आणि मग मलाही सात उत्तरं द्यावी लागणार. सातवं दिलं की माझं गटातलं दाणापाणी संपलं. खरं सांगतो, त्या गटाशिवाय मला दुसरं काही नव्हतं तेव्हा. मशीनजवळ आठ तास बसून आलेल्या माणसाला कोणीतरी दूरवरून विचारतं की तुमची चवळी कशी आहे, याची सवय लागलेली असते.

अकरा वाजता वीज गेली. मला इतकं हायसं वाटलं की मी जाऊन झोपलो. दोन वाजता वीज आली, रुमाल उचलला, मेल तिथंच होती.

मी ती जाऊ दिली. आणि तिच्याखाली माझा फॉर्म भरला. नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, गाव लिहिलं. कोणाकडचे, यापुढं लिहिलं की ज्या घरी दोन तांबे होते त्या घरचा, आणि दुसऱ्या तांब्यानं मीही पाणी दिलेलं आहे. सातव्यापुढं लिहिलं, बियाण्याची कंपनी, जालना एमआयडीसी, लपवून ठेवलं होतं. हे मोठं धैर्य वगैरे नव्हतं. बायको दाराशी उभी होती.

संध्याकाळपर्यंत गट चिडीचूप. मग मेलांचा पाऊस. पण गंमत अशी की त्या बाईंच्या पत्रावर तीन-चारच जण बोलले, बाकी सगळे माझ्या कंपनीवर तुटून पडले. पाकीटवाला आपल्यातच होता, आपल्या पुड्या याच्या हातातून गेल्या, याला काढा. आखातातल्या माणसानं तर माझ्याकडून घेतलेली चवळी उपटून टाकल्याचा फोटो पाठवला. मला तेव्हा वाटलं मी फार सोसतोय. आता वाटतं, त्यातही माझीच सोय झाली. ओंजळीबद्दल बोलण्यापेक्षा पाकिटाबद्दल बोलणं सगळ्यांनाच सोपं होतं. मलाही.

काकांचा फोन आला. कंपनीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

"घरातलं बाहेर कशाला टाकलंस?" एवढं म्हणाले. "आता मी न्हाई तुमच्यात." ते गेले, त्यांच्यामागं आणखी सात-आठजण गेले. वाळकाची पुडीही त्यांच्याबरोबर गेली.

बाईंची दोन ओळींची मेल मला एकट्याला आली. 'गटात राहायचं की नाही ते मी ठरवीन. आधी तो फॉर्म काढा.' मी काढला. त्यांच्या मेलांवरची पाळत काढली. आणि पाळत होती, हेही कळवलं, कारण तोवर मला खरं लिहायची जरा लत लागली होती. त्यावर त्यांनी लिहिलं, माहीत होतं, कोणाच्या मेलला चार दिवस लागतात का.

मला काढायचं की ठेवायचं यावर आठवडाभर चाललं. शेवटी पुण्याच्या बाईंनी सुचवलं की गट यांनी सांभाळावा, म्हणजे वाळूकबाईंनी. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. दोन अटी घातल्या. नवीन माणसाला एकच विचारायचं, काय लावलंय. आणि मी गटात राहिलो तर चालेल, मात्र वर्षभर माझी मेल आधी त्यांच्याकडं यायची. 'अशा माणसाला बाहेर घालवण्यापेक्षा डोळ्यांसमोर ठेवलेलं बरं,' असं त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं. माणसं हसली असतील. मी दोन्ही अटी मान्य केल्या.

त्या वर्षात मला कळलं, मेल पाठवून वाट बघणं काय असतं ते. भेंडीवर चार ओळी लिहिल्या तरी दोन दिवस जायचे. मी विचार करायचो, मुद्दाम ठेवली असेल का? शाळेची परीक्षा असेल का? पुढच्या ओळीत काही खटकलं असेल का? एकदा त्यांनी परत पाठवून विचारलं, ही माहिती तुमची की कंपनीची? मी लिहिलं, अर्धी-अर्धी. कंपनीची अर्धी त्यांनी कापून उरलेली सोडली. राग आला होता. पण बोलणार काय.

फॉर्म काढल्यावर माणसं मात्र यायला लागली. पाचव्या प्रश्नात नापास झालेला तो मनुष्यही परत आला. त्यानं गवती चहा लावला होता.

आश्विनात मी बायकोच्या माहेरी गेलो होतो, कुंभार पिंपळगावजवळ. आठवडी बाजारात एक बाई पोत्यावर आठ-दहा वाळकं मांडून बसलेली दिसली. पट्ट्यापट्ट्यांची. एक तिथंच चिरून चाखलं, दुसरं चाखलं, तिसरंही. एकही कडू नाही. पण सगळी कोवळी, बी धरलेलं नाही. मी विचारलं, मावशी, बी आहे का घरी? आणि त्याच दमात तोंडावर आलं होतं, कोणत्या गावच्या, कोणाकडच्या. ते मी गिळलं.

मावशीनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या खांद्याकडं बघितलं. खांद्याला दिवाळीत मिळालेली कापडी पिशवी होती, कंपनीचं नाव असलेली.

"तुमी कंपनीवाले का?"

मी म्हटलं, हो, कंपनीत आहे, पण बी कंपनीला नको, एक शाळेच्या बाई आहेत, त्यांना पाहिजे.

"मंग त्या बाईला येऊ द्या," ती म्हणाली, आणि गोणपाटाचं टोक वाळकांवर ओढून घेतलं. "तिला देते. तुमाला न्हाई."

मी फार गयावया केली नाही. तिच्या जागी मी असतो तर पिशवी बघूनच उठून गेलो असतो. घरी आल्यावर गटाला मेल लिहिली. वाळूक सापडलं, तीन चाखली, कडू नाही. बी मागितलं, दिलं नाही, मी कंपनीचा म्हणून. बाई स्वतः आल्या तर देते म्हणाली.

ही मेल दहा मिनिटांत गटावर गेली. वर्षभरात इतक्या लवकर माझं काही गेलं नव्हतं. पाठोपाठ मला एकट्याला एक ओळ आली. बाजार कोणत्या वारी असतो आणि ती कुठं बसते?

मी वार कळवला, जागा कळवली, सगळ्यांना उपयोग होईल म्हणून गटाच्याच पत्त्यावर कळवली. ती मेल गटावर कधी दिसली नाही. त्यांनी वाचली असणार आणि तिथंच ठेवली असणार. पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून एकाही मेलला उत्तर आलं नाही, एवढं मात्र मी बघितलं. लक्ष ठेवायची सवय काही एकदम जात नाही.